आधी शेत, मग नदी, मग बंदर: व्हिएतनामच्या तांदळाची गोष्ट आणि आपला कांदा

डिसेंबर २०२३. कांदा निर्यातबंदीचा आदेश ७ तारखेला निघाला आणि ८ ला सकाळी सकाळी मामांचा फोन. ट्रॅक्टर रात्रीच भरून ठेवलेला, पहाटे बाजार समितीच्या रांगेत नेऊन लावला आणि लिलावच बंद. लाल कांदा होता, उन्हाळी असता तर कांदाचाळीत साठवून चार महिने वाट बघितली असती, पण लाल कांदा थांबत नाही, पंधरा दिवसांत कोंब तरी येतात नाहीतर सडतो. संध्याकाळी मामांनी मला एक व्हॉट्सअॅप फॉरवर्ड पाठवला. व्हिएतनाम नावाचा कंगाल देश तांदूळ बाहेरून मागवून खायचा, एका वर्षात निर्यात उघडली आणि जगात तिसरा झाला, आणि आपण मात्र अजून बंदी बंदी खेळतोय. खाली मामांचा प्रश्न: "भाच्या, हे खरं आहे का रे? नुसती निर्यात उघडली आणि झालं?"

मी तेव्हा "खरंय, पण अर्धं" एवढंच टाइप करून पाठवलं. मामांनी त्यावर फक्त अंगठा पाठवला, म्हणजे काही पटलेलं नाही. उरलेलं अर्धं आता लिहितोय.

## दोन जड शब्द, एकदाच

या विषयावरचं काहीही वाचायला घेतलं की दोन शब्द अंगावर येतात. पहिला म्हणजे व्यापार उदारीकरण. साध्या भाषेत, सरकारने मालाच्या वाटेत जे जे आडवं टाकलेलं असतं, बंदी, कोटा, निर्यातशुल्क, परवाने, ते हळूहळू काढत जाणं. दुसरा म्हणजे बाजार एकात्मीकरण, मी याला सरळ "बाजार जोडले जाणं" म्हणेन.

हे जोडलं जाणं नीट समजलं की बाकी सगळं सोपं आहे. आमच्या सोसायटीत ए विंग आणि बी विंगच्या पाण्याच्या टाक्या एका पाइपने जोडलेल्या आहेत. व्हॉल्व्ह उघडा असला की दोन्हीकडे पाण्याची पातळी साधारण सारखी राहते. मागच्या उन्हाळ्यात कोणीतरी तो व्हॉल्व्ह बंद केला, तर ए विंगची टाकी ओव्हरफ्लो होऊन पार्किंगमध्ये तळं आणि बी विंगवाले टँकरला फोन लावतायत. पाणी तेवढंच, फक्त मधला व्हॉल्व्ह बंद.

आता पाण्याऐवजी कांदा घ्या. समजा नाशकात किलोला १८ रुपये आणि नागपुरात ३०. गाडीभाडं, हमाली, तोलाई, घट सगळं धरून नाशकाहून नागपूरला न्यायला ५ रुपये. व्यापारी काय करणार, नाशकात उचलणार आणि नागपुरात ओतणार, मग नाशकात भाव चढणार, नागपुरात उतरणार, आणि दोघांतला फरक ५ रुपयांवर आला की गाड्या थांबणार कारण पुढे परवडत नाही. असं घडत असेल तर बाजार जोडलेले आहेत. फरक १२ चा १२ च राहिला तर मधे कोणीतरी व्हॉल्व्ह धरून बसलंय असं समजायचं.

देशादेशांतही हेच, फक्त व्हॉल्व्ह बंदरावर असतो. व्हिएतनाममध्ये मात्र तो शेतातही होता आणि नदीवरही.

## रेशनचं पुस्तक हरवल्यासारखं तोंड

१९७५ ला युद्ध संपलं आणि पुढच्या वर्षी उत्तर आणि दक्षिण व्हिएतनाम एक झाले. दक्षिणेत मेकाँग नदीचा त्रिभुज प्रदेश, म्हणजे नदी समुद्राला मिळण्याआधी अनेक फाटे फुटून गाळ टाकते तो सपाट पाणथळ भाग, तिथे भात अक्षरशः उतू जातो. उत्तरेत हनोईच्या आसपास लोक खूप आणि जमीन चिमूटभर. सरकारने उत्तरेतली पद्धत दक्षिणेत लावली: जमीन सामुदायिक, राबायचं सगळ्यांनी मिळून, हजेरीचे पॉइंट लागणार, आणि भात सरकारला द्यायचा सरकार म्हणेल त्या भावाने.

तो भाव बघा. १९८० च्या आगेमागे सरकार भाताला किलोमागे ०.५२ डोंग (हे तिकडचं चलन) द्यायचं आणि बाजारात तोच भात २.५ डोंगला जायचा. जवळजवळ पाचपट. अशा भावाने कोण मनापासून राबेल? दक्षिणेतल्या शेतकऱ्याने आंदोलन वगैरे काही केलं नाही, त्याने फक्त घरापुरतं पिकवायला सुरुवात केली, जास्तीचं डुकरांना घातलं किंवा चोरून विकलं. शेतकऱ्याचा संप असाच असतो, त्याची बातमी होत नाही.

शहरात रेशन. तांदळाचं पुस्तक हीच घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू, इतकी की व्हिएतनामी भाषेत अजून म्हण आहे, एखाद्याचा चेहरा पडलेला दिसला की म्हणतात तांदळाचं पुस्तक हरवल्यासारखं तोंड केलंय. रांगेत नंबर धरायला लोक आपापली वीट ठेवून जायचे, विटेवर नाव किंवा खूण. आणि तांदूळ कमी पडला की मिळायचं "बो बो", ते बऱ्याचदा बाहेरून आलेली ज्वारी असायची. तिकडचे म्हातारे लोक आजही बो बोचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. आपल्याला गंमत वाटेल, पण दळून भाकरी करायची पद्धतच तिथे नाही, अख्खे टरफलासकट दाणे तासनतास शिजवून चावत बसायचे.

१९८६ मध्ये महागाई ७०० टक्क्यांच्या वर गेली होती. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला १० ला मिळणारी वस्तू वर्षाअखेर ८० च्या पुढे.

## नदी अडवा, बाजार बंद करा

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. त्या काळाला व्हिएतनामी लोकांनी चार शब्दांचं नाव दिलंय, "न्गान सोंग काम चो", नदी अडवा, बाजार बंद करा. मेकाँग भागात सगळी वाहतूक होड्यांनी, त्यामुळे नदी अडवली की सगळंच अडलं. प्रांताच्या हद्दीवर नाके, सायगावच्या, म्हणजे आताच्या हो ची मिन्ह सिटीच्या, वाटेवरचा टान हुओंगचा नाका तर बदनामच होता. बसमधून नातेवाइकांकडे चार किलो तांदूळ घेऊन निघालेल्या बाईची पिशवी उघडून बघायचे. बायका कमरेला, पोटाला तांदळाच्या पुरचुंड्या बांधून जायच्या.

म्हणजे बघा, मेकाँगमध्ये भात पडून आणि दोनेकशे किलोमीटरवर सायगावमध्ये लोक बो बो चावतायत. ए विंगला तळं, बी विंगला टँकर.

हे कुलूप पहिल्यांदा वाकवलं ते सरकारी माणसांनीच. बा थी नावाने ओळखल्या जाणाऱ्या न्गुयेन थी राव या बाई सायगावच्या अन्नधान्य खात्यात होत्या. शहरात तांदूळ संपत आलेला, तेव्हा त्या मेकाँगमध्ये जाऊन ०.५२ नाही तर २.५ च्या बाजारभावाने तांदूळ घेऊन यायला लागल्या. कायद्याने हा गुन्हाच. पाठीशी होते शहराचे कम्युनिस्ट पक्षनेते वो वान किएत, जे पुढे देशाचे पंतप्रधान झाले. यात जेल झाली तर डबा मी पोचवेन असं त्यांनी बाईंना सांगितल्याची गोष्ट तिकडे अजून सांगतात. या टोळीला लोक गमतीने "तांदूळ स्मगलिंग पथक" म्हणायचे. अशा नियम वाकवण्याला तिकडे शब्दच आहे, कुंपण मोडणं.

"कम्युनिस्ट देशात वरून हुकूम आला की होतं, आपल्या लोकशाहीत कसं जमणार" असं म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं. हुकूम नंतर आला, कुंपण आधी मोडलं होतं.

आणि आपण फार हसायला नको. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, कापूस विकायचा तर सरकारी यंत्रणेलाच, राज्याबाहेर न्यायचा नाही. शेजारच्या राज्यात भाव चढला की विदर्भातून रात्री बैलगाड्या सीमेपलीकडे जायच्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची कापसाची आंदोलनं त्यातूनच आली. स्वतःच्या रानातलं बोंड विकायला स्मगलर व्हावं लागणं हे सायगावच्या नाक्यापेक्षा वेगळं कुठे आहे.

## कुलूपं कोणत्या क्रमाने निघाली

फॉरवर्डमध्ये "एका वर्षात" असं होतं ना, तिथेच घोळ आहे.

सुरुवात शेतापासून झाली. उत्तरेतल्या विन्ह फुक प्रांताचा पक्षप्रमुख किम न्गोक याने १९६६ मध्येच जमीन कुटुंबांना वाटून ठरावीक माल घ्यायचा आणि बाकी त्यांना ठेवू द्यायचा असा प्रयोग केला होता, पीक वाढलं, आणि दोन वर्षांत त्याला पक्षाने झापून प्रयोग बंद केला. मग १९८१ मध्ये तीच कल्पना "निर्देश १००" नावाने सरकारनेच आणली: सामुदायिक शेतीतला तुकडा कुटुंबाला करारावर, ठरलेला हिस्सा सरकारला, वर पिकलं ते तुझं. उत्पादन वाढलं आणि काही वर्षांत परत अडखळलं, कारण सरकारी हिस्सा वाढवत नेला.

डिसेंबर १९८६ ला पक्षाच्या सहाव्या अधिवेशनात "दोई मोई" म्हणजे नूतनीकरणाचं धोरण ठरलं. १९८७ मध्ये प्रांतांच्या हद्दीवरचे नाके उठवले. एप्रिल १९८८ ला "ठराव १०", त्याने जमीन १५ वर्षांसाठी कुटुंबाच्या ताब्यात गेली, काय पिकवायचं कुणाला विकायचं ते कुटुंब ठरवणार. १९८९ मध्ये सरकारी भाव आणि बाजारभाव असे दोन भाव ठेवायचं बंद केलं आणि डोंगचा दर खऱ्या पातळीवर आणला.

या शेवटच्या गोष्टीकडे कोणी बघत नाही म्हणून दोन ओळी. सरकारने चलनाचा दर कागदावर चढा ठेवला असेल तर निर्यात करणाऱ्याला एका डॉलरचे कमी डोंग मिळतात. बंदी नाही, शुल्क नाही, पावती नाही, तरी खिसा कापला जातो. दर खरा केला की हा न दिसणारा कर गेला.

आणि मग आकडा. १९८८ मध्ये उत्तरेतल्या काही प्रांतांत उपासमारीची वेळ आली होती, देशाने साधारण साडेचार लाख टन तांदूळ बाहेरून आणला. १९८९ मध्ये त्याच देशाने १४ लाख टनांच्या आसपास निर्यात केला, थायलंड आणि अमेरिकेच्या खालोखाल. फॉरवर्ड इथपर्यंत खरा आहे. पण या एका वर्षाच्या मागे आठ-नऊ वर्षं कुलूपं निघत होती, कालवे आणि सुधारित बियाणं आधीपासून होतं, फक्त राबायला कारण नव्हतं ते मिळालं.

त्यानंतरही सगळं उघडलं नव्हतंच. १९९३ च्या जमीन कायद्याने भातजमिनीचा हक्क २० वर्षांचा केला आणि तो विकता, भाड्याने देता, वारसांना देता, गहाण टाकता येऊ लागला. दक्षिणेतून उत्तरेत तांदूळ न्यायला लागणारे परवाने १९९७ मध्ये गेले. निर्यातीवरचा कोटा २००१ मध्ये. किम न्गोकच्या प्रयोगापासून मोजलं तर ३५ वर्षं.

## "पण तांदूळ महागला तर गरीब काय खाणार?"

हा प्रश्न खरा आहे आणि जे लोक तो उडवून लावतात त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही. निर्यात उघडली की देशातला भाव बाहेरच्या भावाकडे सरकतो, म्हणजे आत स्वस्त होतं ते महागतं. यात दुमत नाही.

पण महागलं की नुकसान कोणाचं, हे गरीब-श्रीमंत असं बघून कळत नाही, ते घरात वर्षभरात जितका तांदूळ विकला जातो त्यापेक्षा जास्त विकत घेतला जातो की कमी, यावर ठरतं. जास्त विकणारं घर भाव वाढला की फायद्यात, जास्त घेणारं तोट्यात. मुंबईतली नोकरदार बाई घेणारी, मेकाँगचा दीड हेक्टरवाला विकणारा, आणि डोंगरातला आदिवासी जो दोन महिन्यांचंच पिकवतो आणि दहा महिने विकत आणतो, तो शेतकरी असूनही घेणाराच.

व्हिएतनाममध्ये काय झालं तर १९९३ ते १९९८ मध्ये तांदळाचा भाव इतर वस्तूंच्या मानाने जवळपास ३० टक्क्यांनी चढला, आणि त्याच काळात गरिबी ५८ टक्क्यांवरून ३७ वर आली. सगळं श्रेय तांदळाला देणं चुकीचं होईल, कारखाने येत होते, अमेरिकेने १९९४ मध्ये निर्बंध उठवले होते. पण भाव चढूनही गरिबी वाढली नाही हे तर खरं. याच वर्षांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की जिथे भाव जास्त चढला तिथे मुलांना कामाला लावण्याचं प्रमाण जास्त घटलं. घरात चार पैसे आले की आई-बापांनी पोराला रानातून काढून शाळेत घातलं.

हे जमलं त्याचं कारण जमिनीत आहे. ठराव १० नंतर जमीन बरीच समान वाटली गेली, म्हणजे भाववाढीचा पैसा हजारो छोट्या घरांत गेला. जिथे निम्मं गाव भूमिहीन मजूर आहे तिथे हेच धोरण जसंच्या तसं लावलं तर तोच पैसा दहा वाड्यांत जाईल आणि मजुराचा भात महागेल. म्हणून "व्हिएतनामने केलं, आपण पण करू" म्हणण्याआधी सातबारा कोणाच्या नावावर आहे ते बघायला लागतं. तिथेही डोंगरातल्या अल्पसंख्याक जमाती या सगळ्यात मागेच राहिल्या.

## "मलई शेवटी व्यापारीच खाणार"

१९८९ ते २००१ मध्ये मलई खाल्ली हे खरं आहे, फक्त ती खासगी व्यापाऱ्याने कमी आणि सरकारी कंपन्यांनी जास्त खाल्ली. उत्तरेत विनाफूड १, दक्षिणेत विनाफूड २, आणि प्रांतांच्या कंपन्या. वर्षाला इतकेच टन बाहेर जातील असा कोटा आणि तो या मोजक्यांनाच.

कोटा कसा काम करतो बघा. बाहेर भाव २५ आहे, पण माल अडवल्यामुळे आत १८ ला पडलाय. ज्याच्या हातात कोट्याचा कागद आहे तो १८ ला घेतो, २५ ला विकतो. मधले ७ ना सरकारी तिजोरीत, ना शेतकऱ्याच्या खिशात, ते कागदाच्या मालकाचे. निर्यातशुल्क लावलं असतं तर निदान सरकारला तरी मिळाले असते, त्यातून शाळा-रस्ते म्हणता आलं असतं. त्यामुळे बंदी, शुल्क आणि कोटा या तीन वाइटांत कोटा मला सगळ्यात वाईट वाटतो, दिसायला "बंदी नाही हो" आणि आतून लायसन्सचा बाजार. १९९० च्या दशकाच्या शेवटी खासगी कंपन्यांना आत येऊ दिलं आणि २००१ ला कोटाच गेला तेव्हा गाळ्यात गिऱ्हाईक वाढलं.

आणि हो, गावपातळीवरचा व्यापारी गेला नाही, तो अजून तिथेच आहे, त्याला "थुओंग लाय" म्हणतात. हा होडी घेऊन कालव्यातून थेट बांधाला येतो. कापणी मशीनने झालेली असते, ओला भात गोण्यांत, तो तिथल्या तिथे वजन करून होडीत चढवायचा, कारण लहान शेतकऱ्याकडे वाळवायला जागा नाही आणि ओला भात दोन दिवसांत गरम होऊन वास मारतो. घाई शेतकऱ्याला आहे, व्यापाऱ्याला नाही, त्यामुळे भाव कोण ठरवणार ते सांगायला नको. आपल्या लाल कांद्यासारखंच. कापणीच्या महिनाभर आधी थुओंग लाय येऊन इसार देऊन जातो, अमुक भावाने घेईन म्हणून. भाव पडला की इसार सोडून गायब, फोन लागत नाही. आणि भाव चढला की शेतकरी इसार परत करून दुसऱ्याला विकतो. दोघेही नग.

तर बंदर उघडलं म्हणून बांधावरचा सौदा आपोआप सरळ होत नाही. त्याला ड्रायर लागतो, गोदाम लागतं, आणि कालव्यात एकाऐवजी चार होड्या लागतात.

## दार उघडलं की बाहेरचंही आत येतं

फॉरवर्डवाले हे कधी लिहीत नाहीत. २००७ च्या जानेवारीत व्हिएतनाम जागतिक व्यापार संघटनेत गेला, १५० वा सदस्य. तांदूळ बाहेर जातो, पण कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी मका आणि सोयाबीन मोठ्या प्रमाणात बाहेरून येतं आणि देशातल्या मकावाल्याला त्या भावाशी झगडावं लागतं.

कॉफीची गोष्ट तर धडकी भरवणारी. १९८९ मध्ये कॉफी पिकवणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या देशांमधला कोट्याचा करार मोडला, व्हिएतनामने डाक लाक भागात डोंगरच्या डोंगर कॉफीखाली आणले आणि दहा-बारा वर्षांत ब्राझीलच्या खालोखाल दुसरा नंबर गाठला. सगळ्यांनीच लावली म्हटल्यावर २००१ ला भाव तळाला गेला, इतका की खतपाण्याचा खर्च निघेना. लोकांनी झाडं उपटली, कर्ज राहिलं. जोडलेल्या पाइपातून पाणी दोन्ही बाजूंनी वाहतं, एवढंच.

त्यातल्या काहींनी पुढे मिरी लावली आणि त्यातही व्हिएतनाम जगात पहिला. त्याचा चटका आपल्यापर्यंत आला, केरळातले मळेवाले आणि कोकणात माडा-पोफळीवर मिरीचा वेल चढवणारे, दोघांचाही भाव स्वस्त व्हिएतनामी मिरीने पाडला म्हणून ओरड झाली, शेवटी २०१७ च्या डिसेंबरमध्ये आपल्या सरकारने किलोला ५०० रुपये किमान आयात किंमत लावली, म्हणजे त्याहून स्वस्त मिरी आत आणायचीच नाही. म्हणजे त्यांची निर्यात खुली झाली याचं कौतुक करणारे आपण आणि आपला व्हॉल्व्ह आवळणारेही आपणच. मला यात ढोंग वाटत नाही, जो तो आपल्या टाकीकडे बघतो.

## एकाच देशाची दोन वर्षं: २००८ आणि २०२३

कोटा गेला म्हणजे सरकारचा हात व्हॉल्व्हवरून गेला असं नाही. भारताने ऑक्टोबर २००७ पासून बासमती सोडून बाकी तांदळाची निर्यात आवळली, जगात भाव भडकले, आणि मार्च २००८ मध्ये व्हिएतनामनेही नवे निर्यात करार थांबवले. भीती अशी की सगळं बाहेर जाईल. झालं उलटंच, एप्रिलच्या शेवटी सायगावमध्ये अफवा उठली की तांदूळ संपतोय आणि दोन दिवसांत दुकानं रिकामी, सुपरमार्केटने माणशी किलो ठरवून दिले. आणि हे त्या देशात जिथे मेकाँगच्या गिरण्यांत माल भरलेला होता. बंदी बघूनच लोक घाबरले, सरकार साठा वाचवतंय म्हणजे नक्कीच कमी असणार. मग उन्हाळ्यात करार परत सुरू केले तोवर जगातला भाव घसरायला लागलेला. चढा भाव शेतकऱ्याला मिळाला नाही, पडता मात्र पुरा मिळाला.

पंधरा वर्षांनी तोच पेपर परत आला. २० जुलै २०२३ ला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जगातला सगळ्यात मोठा तांदूळ निर्यातदार आपण, त्यामुळे व्हिएतनामचा भाव टनाला ६०० डॉलरच्या वर गेला, आजवर फार क्वचित बघितलेला. या वेळी त्यांनी बंदर बंद केलं नाही. त्या वर्षी त्यांनी ८० लाख टनांच्या वर तांदूळ विकला. सगळे खूश होते असंही नाही, ज्या निर्यातदारांनी आधीच जुन्या भावाने करार केले होते ते बुडाले, कारण बांधावर शेतकरी इसार परत करत होते. पण आमच्या धानवाल्या भंडारा-गोंदियाकडचं कोणी विचारेल की ते चढे पैसे कोणाच्या वाट्याचे होते, तर उत्तर द्यायला अवघड जाईल.

## मग कांद्याचं काय?

कांदा तांदळासारखा नाही हे मान्य. तांदूळ दोन वर्षं गोदामात राहतो, कांदा नाही. कांद्याने पोट भरत नाही, पण सरकारं पडतात असं म्हणतात. पीक थोडं कमी आलं की भाव दुप्पट, थोडं जास्त आलं की रस्त्यावर ओततात. अशा पिकाला कधीच काही अडवणूक नको असं मी म्हणणार नाही, शहरात ८० रुपये किलो झाला की कोणतंही सरकार हात बांधून बसणार नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. व्हिएतनामच्या गोष्टीत शेतकऱ्याचा विश्वास नुसत्या उघड्या दाराने बसलेला नाही. १५ वर्षं, मग २० वर्षं जमीन तुझी, असं लिहून मिळालं तेव्हा तो राबला. दार अर्धं उघडं असलं तरी चालतं, पण पेरताना जितकं उघडं होतं तितकंच काढताना असेल याचा अंदाज यायला हवा.

मामांच्या एका वाफ्याचा हिशोब सांगतो. उन्हाळी कांद्याचं बी त्यांनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये टाकलं, तेव्हा निर्यातशुल्क ४० टक्के, ते ऑगस्टमध्ये लागलेलं. रोप बोटभर झालं तोवर ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखाली बाहेर विकायचंच नाही. लागवडीचे मजूर ठरवले आणि ८ डिसेंबरला पूर्ण बंदी, ३१ मार्चपर्यंत. मामा म्हणाले आपला कांदा निघतो एप्रिलमध्ये, तोवर उघडेल, लावा. मार्चच्या शेवटी बंदी पुढे वाढवली, तारीख न देता. कांदा काढला, पात कापली, शेतातच ढीग मारून ठेवला, आणि ४ मे ला बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क. चाळ भरली. जून, जुलै, ऑगस्ट. दर आठवड्याला खालचा सडका कांदा वेचून उकिरड्यावर.

१३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य काढलं आणि शुल्क ४० चं २० वर आणलं. मामांची चाळ ९ तारखेलाच रिकामी झाली होती.